छत्तीस फ्लॉप्यांची पूजा

परळी वैजनाथ,
गुरुवार, २५ नोव्हेंबर २००४

प्रिय कावेरी,

अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडल्यावर तू आधी दचकशील. परळीहून धर्मापुरी ती काय लांब, एस.टी.त बसलं की तासाभरात दारात, मग अण्णाने टपाल कशाला टाकलं? काळजी करू नकोस, घरी कुणाला काही झालेलं नाही. तुझ्या वहिनीचा गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतो, आणि तीही. मला निवृत्त होऊन आठ महिने झाले, पण दप्तरात घातलेला जन्म असा सुटत नाही. परवा स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला बसलो, डाळ कधी आणली, कधीपर्यंत ठेवायची. तर गंगासागर म्हणते, "आता मलाबी एक चिठ्ठी लावा, कधीपत्तोर ठिवायची त्याची." तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला हसू आलं नाही. काय ठेवायचं आणि काय टाकायचं या गोष्टीवर मला हल्ली हसता येत नाही. ते का, हेच सांगायला बसलो आहे. तोंडाने सांगायला दिवाळीपासून तीनदा तुझ्या घरी आलो. तिन्ही वेळा चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो.

गिरणी बंद पडली तेव्हा मी दोन वर्षं घरी बसलो होतो, ते तुला आठवत असेल. सकाळी आंघोळ करायची, लिंगपूजा करायची, भस्म लावून, धुतलेला सदरा घालून तयार व्हायचं आणि जायचं कुठे, तर कुठेच नाही. मग पुण्याच्या मालकांनी इथे राखेच्या विटांचा कारखाना काढला आणि रेकॉर्ड सांभाळायला मला घेतलं. खोली लहानशी, खिडकी गेटाकडे, आत तीन लोखंडी कपाटं. भिंतीवर पुण्याहून आलेला एक तक्ता होता. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा हे त्यात लिहिलेलं. गेटपास एक वर्ष, पत्रव्यवहार तीन वर्षं, हजेरी आठ वर्षं. मुदत संपली की यादी करायची, साहेबांची सही घ्यायची, मगच नष्ट करायचं. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात एक ओळ होती. एखाद्या गोष्टीवर कोर्टात दावा लागला, तर मुदत संपलेली असो वा नसो, त्यातला एक चिटोराही हलवायचा नाही. तो तक्ता मला शिवस्तोत्रासारखा पाठ होता. मागाल तो कागद दोन मिनिटांत समोर. गुंडप्पाकडून कागद हरवत नाही, असं पार पुण्यापर्यंत बोललं जायचं आणि मला त्याचा माज होता. खोटं कशाला सांगू.

दाजींना तिथे मीच नेलं. त्यांचं किराणा दुकान बसलं तेव्हा तू येऊन म्हणाली होतीस, "अण्णा, कुठंतरी चिकटवा की ह्यायला." कंपनी थेट माणूस घेत नव्हती. अमरसिंह नावाच्या ठेकेदाराकडून माणसं यायची. त्याच्या हाताखाली दाजी विटांच्या प्रेसवर लागले. ठेकेदाराची हजेरीवही अशी हुशारीची, की तीत कुणाचेच वर्षात पाच महिन्यांवर दिवस दिसायचे नाहीत. कारण वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्याने माणूस नोकरीवर हक्क सांगू शकतो. पण अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत गेटावर कॉम्प्युटर बसला. प्रत्येकाला एक कार्ड. ते यंत्रात ओढलं की आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, दोन्ही नोंदलं जायचं. यंत्राला कायम आणि कच्चा असा भेद ठाऊक नव्हता. महिनाअखेर ती नोंद एका फ्लॉपीवर उतरवून माझ्याकडे यायची. फ्लॉपी म्हणजे तळहातावर मावेल अशी चौकोनी, काळी, प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर मी माझ्या अक्षरात महिना आणि साल घालायचो आणि कपाटात ठेवायचो. दाजींचं कार्ड एकशे सतरा नंबरचं. कार्ड ओढलं की ते माझ्या खिडकीकडे बघून हात वर करायचे. तीन वर्षांत तो हात दिसला नाही असे दिवस फार थोडे. म्हणजे बघ, फ्लॉपी नसती तरी मला सगळं माहीत होतं.

आता पहिल्या वर्षाची गंमत सांगतो. तेव्हा ती खरोखरच गंमत होती. खंडेनवमीला कारखान्यात अवजारांची पूजा होते. प्रेसवाले प्रेसला हार घालतात, ड्रायव्हर ट्रकपुढे नारळ फोडतात. मी म्हटलं, माझं हत्यार कोणतं? मी चौरंगावर तक्ता ठेवला, शिक्के ठेवले आणि तोवर जमलेल्या आठ फ्लॉप्याही मांडल्या. हळद-कुंकू वाहिलं, भस्म लावलं, फुलाने पाणी शिंपडलं. दसरा झाल्यावर ऑगस्टची फ्लॉपी उघडेना. औरंगाबादहून इंजिनिअर आला, त्याने तिची लोखंडी झडप सरकवून आतलं कुंकू दाखवलं आणि पोटभर हसला. गेटाच्या कॉम्प्युटरमध्ये तो महिना अजून शाबूत होता म्हणून नवी फ्लॉपी करता आली. पुढे कितीतरी दिवस ऑफिसात माझी थट्टा चालली, गुंडप्पाचा देव कॉम्प्युटरला धार्जिणा न्हाई म्हणून. पुण्याहून परिपत्रक आलं, की फ्लॉप्या पूजेत मांडू नयेत, त्यांना पाणी, कुंकू काही लागू देऊ नये. त्यावर 'वाचले, समजले' असं लिहून मी सही केली. एक प्रत पुण्याला गेली, एक माझ्या फाइलला लावली.

२००१ च्या जानेवारीत एका सकाळी बासष्ट माणसांची कार्डं गेटावरच काढून घेतली. एकशे सतरासुद्धा. ही आमची माणसं नव्हेतच, ठेकेदाराची होती, आणि तीही कधीमधी येणारी, असं कंपनीचं म्हणणं. बासष्ट जणांनी लातूरच्या कामगार न्यायालयात दावा लावला. त्यांचा वकील हुशार निघाला. त्याने ठेकेदाराची वही मागितलीच नाही, गेटाच्या कॉम्प्युटरची नोंद मागितली. ऑगस्टमध्ये कोर्टाचा कागद आला. तीन वर्षांच्या फ्लॉप्या हजर करा आणि तोपर्यंत त्यांतलं काही नष्ट करू नका. तो कागद मी स्वतःच्या हाताने घेतला, त्यावर शिक्का मारला, आवक नंबर घातला. कावेरी, त्या दिवशी मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! दाजींसाठी कुणाशी भांडायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. मला फक्त माझं काम करायचं होतं. छत्तीस फ्लॉप्या जशा होत्या तशा कपाटात ठेवायच्या होत्या, एवढंच.

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा अर्जुनरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते इथले मॅनेजर, मोठ्या घरचे, आवाज चढवणं त्यांना ठाऊक नाही. चहा मागवला. गुडघा कसा हाय वहिनींचा, विचारलं. मग म्हणाले, "पुन्यात चाललंय की समदं कॉम्प्युटरवर टाकायचं. रेकॉर्डला मानूस कशाला, म्हनतेत. मी थोपवून धरलंय, गुंडप्पा, पर किती दिस?" त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "यंदा खंडेनवमी लई झोकात हू द्या. कपाटातलं समदं मांडा, त्या फ्लॉप्याबी मांडा. पंचामृतानं करा. देवाचं काम हाय, त्याला कोन नाव ठिवनार?" मी कसाबसा म्हणालो, साहेब, ते परिपत्रक आहे ना. तर म्हणतात, "कोन्तं परिपत्रक? मला तर न्हाई आठवत बा. तुमाला आठवतंय का?" बस्स, एवढंच बोलणं. नष्ट करा हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. गेटाच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या नोंदी तर कधीच पुसल्या गेल्या होत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

लेकराबाळांसाठी केलं, असं इथे लिहिता आलं असतं. तुझं मनही विरघळलं असतं. पण रुद्रेश तेव्हा नोकरीला लागला होता, मुलीचं लग्न झालं होतं, घरात कशाची ददात नव्हती. मला त्या रिकाम्या सकाळींची भीती वाटली. धुतलेला सदरा घालून कुठेच न जाण्याची. एवढ्याशा भीतीपायी बासष्ट जणांना मी त्याच रिकाम्या सकाळी दिल्या. गंगासागरलाही हे कळू दिलं नाही. आधी जाऊन ते परिपत्रक फाडलं. यादी-सहीशिवाय आयुष्यात मी फाडलेला तो एकमेव कागद.

पूजा मी भर दुपारी केली, दार उघडं ठेवून. सगळे येऊन नमस्कार करून जात होते, वाहवा करत होते. दूध, दही, तूप, मध, साखर. पहिल्या वर्षीच्या इंजिनिअरने दाखवली होती तशी एकेका फ्लॉपीची झडप मी अंगठ्याने सरकवली आणि आत चमच्याने पंचामृत सोडलं. तोंडाने ॐ नमः शिवाय चालूच. छत्तीस वेळा. नव्याण्णवच्या ऑगस्टची फ्लॉपी आली तेव्हा हात थांबला. त्या महिन्यात तुझं बाळंतपण होतं, दवाखान्याची सोय करायची म्हणून दाजींनी दोन-दोन पाळ्या केल्या होत्या. मला वाटलं, एवढी एक राहू दे. मग वाटलं, एकच चांगली राहिली तर संशय येईल. बघ, पाप करतानाही माझी दप्तराची अक्कल जागी होती. तीही भिजवली. वर फूल ठेवलं.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोरच झालं. शपथेवर लिहून दिलं, की श्रद्धेच्या भरात माझ्या हातून अजाणता पूजा झाली आणि फ्लॉप्या बिघडल्या. कंपनीने कॉम्प्युटरवाल्याचा दाखला जोडला. कोर्टात तुमच्या वकिलाने विचारलं, असं पूर्वी कधी झालं होतं का? मी म्हणालो, नाही. न्यायाधीशांनी माझ्या कपाळावरचं भस्म पाहिलं, गळ्यातला लिंगाचा करंडा पाहिला आणि थोडं हसले. भोळ्या माणसाकडे बघून हसतात तसं. अर्जुनरावांना बरोबर ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी ही सबब सांगितली असती तर कोर्टाने त्याला हाकलून दिलं असतं. माझ्या तोंडी ती शोभली. पन्नास वर्षं सांभाळलेली भक्ती मी खोट्याच्या जामिनाला उभी केली. पुरावा नाही म्हणून दावा पडला. आणि बाहेर व्हरांड्यात तू माझ्या हातात भाकरी-पिठल्याचा डबा देत म्हणालीस, "अण्णा, तुमी कावून जिवाला लावून घेता? देवालाच पायजे हुतं म्हना." तो डबा मी अंबाजोगाईच्या स्टँडवर तसाच एका म्हातारीला दिला. मला तो गिळवला नसता.

दाजी तेव्हापासून तलवाड्याला सालगडी म्हणून राहिले आहेत. ज्यांच्या दुकानात लोक उधारीसाठी हात जोडून उभे राहायचे ते दाजी, आज दुसऱ्याच्या गोठ्यात झाडलोट करतात आणि सणावारी घरी येतात. पोळ्याला भेटले तेव्हा माझ्या पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले. त्यांना वाटलं, अण्णा मान नको म्हणतात. त्यांनी मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. विचारलं असतं, आई-माईवरून शिव्या घातल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. आणि तू तर गावात कुणी माझ्यावर बोट दाखवलं की त्यांच्या अंगावर धावून जातेस, असं मुक्ताबाईने मला सांगितलं. ती शेजारीण कौतुकाने सांगत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होतो.

पण माझा बांध फुटला तो महिन्यापूर्वी. गंगासागर सहज बोलून गेली, की तू श्रावणापासून सोळा सोमवार धरले आहेस. मी विचारलं, कशासाठी? दाजींच्या नोकरीसाठी असेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "तुमच्यासाठी. अण्णाच्या हातून चुकून झालं, तवापासून ते निम्मे राहिले, महादेवा, त्येंच्या मनावरचं वझं उतरव, म्हनून." कावेरी, तू दिवसभर लोकांच्या रानात कापूस वेचतेस आणि सोमवारी पोटात अन्नाचा कण न घालता माझ्या ओझ्यासाठी देवापुढे बसतेस. चौदा सोमवार झाले. मला लाज वाटली, हे लिहायला शब्द थिटा आहे. मला माझ्याच अंगाची किळस आली. भस्माच्या डबीकडे हात जाईना. त्या दिवसापासून मी कपाळाला काही लावलेलं नाही. मी मुद्दाम केलं, बाई. चुकून काही झालं नाही. उरलेले दोन सोमवार माझ्या नावाने करू नकोस. धरायचेच असतील तर त्या बासष्ट घरांसाठी धर.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला तुमच्या वकिलाकडे गेलो. हायकोर्टाने उन्हाळ्यात तुमचा दावा पुन्हा ऐकण्यासाठी परत पाठवला आहे, हे तुला ठाऊकच आहे. वकिलाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, फ्लॉप्या आता जिवंत होणार नाहीत. पण नोटीस मिळाल्यावर कंपनीने त्या मुद्दाम नासवल्या हे सिद्ध झालं, तर त्यांतली नोंद कंपनीच्या विरुद्धच होती असं कोर्ट धरून चालू शकतं. मी त्याला नोटिशीचा आवक नंबर सांगितला. परिपत्रकाचा नंबर आणि तारीख सांगितली, माझ्या सहीची प्रत पुण्याच्या कपाटात असेल, ती मागवा म्हणालो. फाडतानाही मला माहीत होतं की दुसरी प्रत आहे. कदाचित म्हणूनच फाडायचं धाडस झालं असेल. खोटी शपथ घेतल्याबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, असं त्याने स्पष्ट बजावलं. होऊ दे. रुद्रेशला मी सांगून ठेवलं आहे. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

येत्या बुधवारी तारीख आहे. माझा नवा कबुलीजबाब त्या दिवशी भर कोर्टात वाचला जाईल. दाजी असतील, तू असशील, ती बासष्ट घरं असतील. हे सगळं तू कारकुनाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावंस, हे मला सोसवेना, म्हणून हे पत्र. आणखी एक गोष्ट आहे, ती वकिलाने मला दोनदा सांगितली. मागच्या वेळी आपलं नातं कोर्टात कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. या वेळी कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच काढणार. हा मेहुण्याला नोकरी मिळावी म्हणून आता खोटं बोलतो आहे, असं त्याला दाखवायचं आहे. तू दाजींच्या बाजूने साक्षीला उभी राहशील तेव्हा माझ्याकडे बोट करून तो तुला विचारेल, की हा माणूस तुमचा कोण? काय सांगायचं ते तू ठरव. भाऊ म्हणालीस तर कोर्ट माझ्या कबुलीवर शंका घेईल. कुणी नाही म्हणालीस, तर ते शपथेवरचं खोटं ठरेल, असं कालपर्यंत मला वाटत होतं. आज वाटतं, आता ते खोटं राहिलेलं नाही.

तुझा म्हणवून घ्यायला अजून न धजणारा,
गुंडप्पा